न चाखता रांधलेलं

आमच्या घरात रस्सा उकळला की पहिला थेंब ह्यांच्या तळहातावर पडायचा. लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही रीत, आणि ती मीच पाडलेली. पळीतून थेंब टाकायचा, फुंकर घालायची, हे चाटायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. ‘झकास.’ मग पातेल्यावर झाकण. मी स्वतःही चाखायचे, नाही असं नाही. पण माझं चाखणं कामापुरतं आणि ह्यांचं शिक्क्याचं. आता वाटतं, त्या तळहातावर एवढा भरवसा टाकायला मला कुणी सांगितलं होतं? पण नवऱ्यावर नाही टाकायचा तर काय टोलनाक्यावरच्या माणसावर टाकायचा?

आमचं गाव खालापूर आणि कर्जतच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याला. पूर्वी इथे भात आणि वाल पिकायचे, आता फार्महाऊस पिकतात. शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि त्यातल्या माणसांना गावचं जेवण हवं असतं. ते मी देते. गावठी कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. भाकऱ्या माझी धाकटी जाऊ थापते. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तिच्यासारखी भाकरी आमच्या पंचक्रोशीत कुणाची फुगत नाही, पण ती माळकरीण, कोंबडीच्या पातेल्याकडे बघतसुद्धा नाही. त्यामुळे चाखायचं काम ह्यांच्याकडेच राहिलं.

हे रसायनीला एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. हाताखाली माणसं होती, शिट्टी वाजली की उभी राहायची. रिटायर झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे स्कूटरवरून माझे डबे पोचवायला लागले. फार्महाऊसवाले लांबूनच ओरडायचे, “अरे, काकूंचे मिस्टर आले, गेट उघड!” मला हे ऐकून हसू यायचं. ह्यांना येत नसे. “एवढी वर्षं नोकरी केली ती काकूंचा मिस्टर व्हायला काय?” असं एकदा म्हणालेही होते, पण जेवताना म्हणाले, म्हणून मी ते भाकरीबरोबर गिळून टाकलं.

तर मला रोग झाला तो असा, की चारचौघांत सांगता येत नाही आणि चारचौघांत लपतही नाही. नळ सुटला की पळ. कुलपात किल्ली घातली की पळ. पोचेपर्यंत धीर धरवेल याची खात्री नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी प्यायले, त्याने तर आणखीच धावपळ. भाचीच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळेला मी हॉलच्या मागच्या बाजूला, दाराची कडी धरून. जाऊ म्हणाली, “बाय, तुला नवरीच्या शेजारी नाय, मोरीच्या शेजारी खुर्ची मांडली पायजे गं!” हसले मी. पण त्यानंतर एसटीत चढणं सोडलं, देवळात बसणं सोडलं, कुणाच्या हळदीकुंकवाला गेले तरी दारातूनच परतायला लागले.

शेवटी ह्यांनीच मला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. हे मी नाकारणार नाही, नेलं ते ह्यांनीच. डॉक्टर भले, हळू बोलणारे. लघवी तपासली, साखर तपासली, डोळ्यांत काचबिंदू आहे का विचारलं, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, “पिशवी उतावीळ झालीये. भरायच्या आधीच आवळते. गोळी देतो, ती तिला दम धरायला लावेल.” मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आता या गोळीचं नीट ऐका,” आणि नेमकी त्याच वेळेला मला लागली. करणार काय! रोगच तो. “तुमी ऐका,” असं ह्यांना सांगून मी धावले.

परत आले तेव्हा दोघंही उठून उभे होते. डॉक्टर म्हणाले, “मिस्टरांना सगळं सांगितलंय.” स्कूटरवर मागे बसल्याबसल्या मी विचारलं, “अवो, काय म्हनाले डाक्टर?”

“जेवल्यावर घ्यायची म्हनाले.”

“आनि?”

“आनि काय? बाकी काय नाय.”

गोळीने गुण दिला. खोटं कशाला बोलू? थोड्याच दिवसांत नळाचा आवाज हा नुसता नळाचा आवाज झाला. सगळी रात्र एका झोपेत जाऊ लागली. आम्ही दोघं माथेरानला जाऊन आलो, लाल मातीतून पॉइंटपर्यंत चालत गेलो, आणि मी एकदाही मध्येच आडोसा शोधला नाही. हे इतके खूश! घोड्यांना वाट देत देत चालले होते आणि सारखे म्हणत होते, “बघ, असं फिरता येतंय गं. तुला त्या चुलीतनं उठायलाच नको असतं.” मी म्हटलं, “उद्या शनिवार हाय, ऑर्डर हाय.” तसे हे दोन पावलं पुढे निघून गेले.

मग तोंड सुकायला लागलं. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असायची. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. मी मनाशी म्हटलं, यंदाची थंडीच कोरडी. तांदूळ निवडताना खडा दिसेना, मी म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला. पोट साफ होईना. ते मी कुणाला बोलायच्या आधीच ह्यांनी इसबगोलाचा डबा आणून फळीवर ठेवला. “असू दे घरात,” म्हणाले. मला केवढं कौतुक वाटलं! जावेलाही सांगितलं, बघ, न सांगता कळतं ह्यांना.

आणि मग मीठ बिघडलं.

पोपटीचे, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे दिवस होते. फार्महाऊसवर गर्दी. एकाचा फोन आला. “काकू, राग मानू नका, पण रस्सा फार खारट होता. पाहुण्यांनी ठेवून दिला.” मी म्हटलं, “शक्यच नाही. चाखून पाठवलाय.” दोन आठवड्यांनी दुसऱ्याचा आला. मी त्यालाही झापलं. मला स्वतःला तर रस्सा मिळमिळीत लागत होता. चिमूट टाकायचे, चाखायचे, पुन्हा चिमूट टाकायचे, आणि शेवटी थेंब ह्यांच्या तळहातावर. “बघा हो, बरोबर हाय ना?” हे चाटायचे. डोळे मिटायचे. “झकास.”

जाऊ कोंबडी खात नाही, पण बिरडं खाते. एक दिवस वाटीभर बिरडं घेऊन गेली आणि तशीच उलट पावली आली. “बाय, मीठ दोनदा पडलंय गं. घास जात नाय.”

“तुझ्या जिभेला काय झालंय?”

“माझ्या नाय गं. तू खाऊन बघ.”

खाल्लं. मला बरोबर लागलं. ह्यांना हाक मारली, वाटी पुढे केली. “तुमीच सांगा. खारट हाय?” ह्यांनी घास घेतला, चावला, गिळला. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “नाय गं. बरोबर हाय.”

मग काय विचारता! मी जावेला नको नको ते बोलले. माझ्या ऑर्डरी तुझ्या डोळ्यांत खुपतात म्हणाले. माळ घालून पोटात मत्सर ठेवतेस म्हणाले. ती पदर खोचून निघून गेली. त्यानंतर भाकऱ्या तिच्या घरूनच टोपलीतून यायच्या, फडक्याखाली झाकलेल्या, आणि टोपली कुंपणावर ठेवून ती आत जायची. आमच्या दोघींच्या संसारात हे कधी झालं नव्हतं. ह्यांनी सगळं पाहिलं. कुंपणावरची टोपली तेवढी उचलून आणत राहिले.

तक्रारी थांबेनात तेव्हा मी ह्यांच्यासमोर बसले. “अवो, सगळेच खोटं कसे बोलतील? तुमी तर चाखता ना?” हे जवळ सरकले आणि इतक्या मायेने बोलले, इतक्या मायेने, की ती माया मला अजून विसरता येत नाही. “तुला वाईट वाटंल म्हनून बोललो नाय गं. खारटच असतं. तुझ्या ध्यानात राहात नाय, तू परत परत टाकतेस. आता वय झालं.” जरा थांबून म्हणाले, “माझ्या आईचं पन असंच सुरू झालं होतं.”

सासूबाईंचं सगळं मी केलं होतं. शेवटी त्यांना चूल ओळखेना, मी ओळखेना, पोटचा मुलगा ओळखेना. घरभर हिंडून ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणायच्या. त्यांची वेणी घालताना मी कितीदा मनात म्हटलं होतं, देवा, दुसरं काहीही दे, हे देऊ नको. ह्यांना हे ठाऊक होतं. मी ह्यांनाच सांगितलं होतं.

तेव्हापासून मी स्वतःवर पहारा ठेवायला लागले. गॅस बंद केला का, परत जाऊन बघ. दार लावलं का, परत बघ. पातेल्यासमोर मिठाची चिमूट धरून उभी राहायचे आणि आठवायचे, टाकलं का आधी? जो हात जन्मभर न बघता डब्यात गेला तो आता विचारून जायला लागला.

चैत्रात मोठी ऑर्डर होती. मला सर्दी झालेली, म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली. अशी मी कायम घेत आलेय, त्यात काय विचारायचं? मागच्या पडवीत दोन चुली पेटलेल्या, वरून पत्र्याचा ताप. गंमत म्हणजे घाम येत नव्हता. मला उलट बरंच वाटलं, पदर कोरडा राहिला. मग तोंड लालबुंद झालं, अंग तव्यासारखं तापलं आणि छातीत धडधड. त्यापुढचं मला आठवत नाही, जावेने सांगितलं ते असं : तिला कुंपणापलीकडून माझी बडबड ऐकू आली म्हणून ती आली. मी तिला ‘आत्याबाई’ म्हणत होते, म्हणजे सासूबाई समजत होते, आणि रिकाम्या पातेल्यात पळी फिरवत होते. तिने मला सावलीत ओढलं, अंगावर पाणी ओतलं, डोकं मांडीवर घेऊन बसली. एवढं बोलले होते तिला, तरी.

ह्यांना ती म्हणाली, “भाऊजी, कर्जतला नेऊ हिला.” हे म्हणाले, “ऊन बाधलंय. पडून राहिली की उतरंल.”

उतरलं खरं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होते, पण गावभर झालं होतं, काकूंचं डोकं गेलं. मी खाटेवर पडलेली असताना अंगणातून ह्यांचा आवाज आला. एकेका फार्महाऊसला फोन लावत होते. “मिसेसची तब्येत बरी नसते. यापुढे जेवण बंद.” मला विचारलं नाही. आणि मी तरी कुठे उठून हात धरला? मला पटलंच होतं. मोठी पातेली घासून मी स्वतः माळ्यावर चढवली. रडले नाही. चढवून झाल्यावर शिडी मात्र मला उचलवेना.

हे त्या दिवसांत फार चांगले वागले. चहा करून द्यायचे. संध्याकाळी ओटीवर शेजारी बसून गप्पा मारायचे. पनवेलला नाटक बघायला जाऊ म्हणायचे. नोकरीत असताना कधी मिळाला नाही एवढा नवरा मला मिळाला.

राहिली होती गावदेवीची यात्रा. यंदा नैवेद्याचा मान आमच्या घराला होता, तो काही फोन करून बंद करता येत नाही. हे म्हणाले, “तेवढा कर नि मग बस.” जाऊ आपणहून आली, टोपली कुंपणावर न ठेवता चुलीपाशी आली, आणि डाळ निवडायला बसली. आम्ही दोघी झाल्या गोष्टीबद्दल बोललो नाही. तीच म्हणाली, “बाय, घाबरू नको. मी हाय.”

नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडे चाखत नाहीत. देवीच्या आधी कुणाच्या जिभेला लागला तर तो उष्टा. सासूबाई तर वाससुद्धा घेऊ द्यायच्या नाहीत, पदर नाकाला लावून फोडणी घालायला लावायच्या. मीठ हाताने टाकायचं, डोळ्याने बघायचं, आणि हात जोडायचे. पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते. नंतर हाताला कळायला लागलं, एवढ्या डाळीला एवढं, एवढ्या वालाला एवढं.

त्या दिवशीही तसंच केलं. वरण, बिरडं, भजी, काकडीची कोशिंबीर, पुरणपोळी. चाखायचंच नव्हतं, म्हणून चाखून परत टाकायचंही नव्हतं. एकदा टाकलं आणि डब्याला झाकण लावलं. देवीला ताट दाखवलं, मग पंगत बसली. मी दाराआड उभी राहिले. आता कुणीतरी थुंकणार, आता कुणीतरी म्हणणार.

कुणी काही म्हणेना. माणसं खात होती. एक म्हातारबा बिरडं मागत होते, तिसऱ्यांदा. जाऊ ताट घेऊन माझ्यापाशी आली, डोळे मोठे करून. “बाय! अगं, पयल्यासारखं झालंय! मीठ कसं बेताचं पडलंय!”

मी तिच्याच ताटातला घास घेतला. बिरडं अळणी. पुन्हा घेतला. वरण अळणी, कोशिंबीर अळणी. तोंडात नुसता कोरडा लगदा फिरत होता.

तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून, मला सगळं समजलं. हात शहाणा होता. डोकं शहाणं होतं. मी मीठ विसरून दोनदा टाकत नव्हते, चाखून चाखून टाकत होते, आणि जीभ खोटं सांगत होती. मग जीभ कधीपासून बिघडली? तोंड सुकायला लागलं तेव्हापासून. आणि तोंड कधीपासून सुकायला लागलं?

“गोळी!” मी ओरडलेच. “अगं, ती लघवीची गोळी!” भर पंगतीत बाईमाणसाने असं ओरडावं म्हणून दोन-चार माना वळल्या. वळू देत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समोरच जेवत बसले होते. ‘कसली गोळी?’ असं कुणीही विचारलं असतं. ह्यांनी विचारलं नाही. खाली बघून वरणभात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी जावेला घेऊन टमटमने कर्जतला गेले. ह्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चैत्रातला प्रकार ऐकला तेव्हा तर पेन खाली ठेवलं. “तुम्ही लगेच का नाही आलात? मी बजावून सांगितलं होतं मिस्टरांना.”

“काय सांगितलं होतंत?”

त्यांनी परत सांगितलं. पिशवीला ‘आवळ’ म्हणणारा जो निरोप नसांतून जातो, तो ही गोळी अडवते. पण तसलाच निरोप लाळेला जातो, घामाला जातो, आतड्याला, डोळ्याला, मेंदूलाही जातो, आणि गोळीला काही पत्ता कळत नाही, ती सगळीकडेच थोडं थोडं अडवते. म्हणून तोंड कोरडं पडेल, चवीत फरक पडेल. पोट जड होईल, इसबगोल ठेवा. जवळचं धूसर दिसेल. घाम कमी येईल, तेव्हा चुलीच्या आणि उन्हाच्या कामात जपायचं. सर्दीच्या, उलटीच्या, पोटाच्या कळीच्या गोळ्यांतल्या कितीतरी ह्याच जातीच्या, त्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, एकावर एक चढल्या की वयस्क माणूस गोंधळतो, भलतंसलतं बोलतो. लघवी अजिबात अडली किंवा असा गोंधळ दिसला तर त्याच दिवशी आणायचं. “आणि हेही सांगितलं होतं,” डॉक्टर म्हणाले, “की नाही सोसली तर घाबरू नका, दुसऱ्या जातीची गोळी आहे.”

इसबगोल ठेवा. माझ्या कानात तेवढंच घुमत राहिलं. तो डबा मायेने नव्हता आला, सल्ल्याने आला होता. एवढी एकच गोष्ट ह्यांनी पाळली होती, आणि तीही मला न सांगता.

मी भडकले. “डाक्टर, गोळी माझी, तोंड माझं, आणि सांगितलंत कुणाला?”

जावेने माझा दंड दाबला. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “तुम्ही परत आल्यावर तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं.” त्यांनी ती गोळी थांबवली, दुसरी लिहून दिली, बीपीवर लक्ष ठेवा म्हणाले, चहा कमी करा, ठरलेल्या वेळेला जायची सवय लावा. एकेक मलाच सांगितलं, माझ्याकडून वदवून घेतलं. मला लागली तेव्हा थांबलेसुद्धा.

घरी आले तेव्हा हे ओटीवर होते. चहा करून झाकून ठेवला होता. मी बसले नाही.

“डाक्टरांनी तुमाला समदं सांगितलं होतं.”

“हो.” लपवलं नाही, एवढं खरं.

“मग?”

“पयलं विसरलो. खरंच गं. इसबगोल तेवढा आनला. तुला बरं वाटलं, मी बाकीचं विसरलो.”

“मग आठवलं कधी?”

मीच म्हटलं, “पयला फोन आला तवा. रस्सा खारट म्हनून.” ह्यांनी मान डोलावली. “आनि तरी मी थेंब टाकत व्हते तुमच्या हातावर, आनि तुमी चाटून झकास म्हनत व्हतात. ती बिचारी खरं बोलली, तिला मी तुमच्या जिवावर मत्सरी म्हटलं. आनि चैत्रात? मी मेले असते तर?”

“मला वाटलं ऊनच बाधलं—”

“तुमाला काय वाटलं ते सांगा. खरं सांगा.”

हे आपल्या तळहातांकडे बघत बसले. मग म्हणाले, “वाटलं, बरंच हाय. आता तरी थांबशील. आपन दोघं बसू. किती दिवस मी दुसऱ्यांच्या गेटवर डबे घेऊन उभा राहू?”

एवढंच? मला वाटलं. हे आधी का नाही म्हणालात? भांडला असतात, डबे आपटले असतेत, मी दुसरा माणूस ठेवला असता डबे पोचवायला. थांबलेही असते कदाचित, तुम्ही मागितलं असतं तर. पण माझं डोकं गेलं हे मला पटवून देऊन थांबवायचं? आणि त्याला स्वतःच्या आईचं दुखणं वापरायचं? मी तिची वेणी घातलेली तुम्ही बघितलीत ना हो! हे सगळं मी बोलले की नुसतं मनात म्हटलं, आता नक्की सांगता येत नाही. रडले मात्र मोठ्याने, कुंपणापलीकडे ऐकू जाईल एवढं. पातेली माळ्यावर चढवताना न आलेलं रडू त्या दिवशी आलं.

तोंडाला पाणी सुटायला काही दिवस गेले. एका दुपारी ताक प्यायले आणि मीठ लागलं. मीठ, जिरं, आंबट, सगळं वेगवेगळं. मी पेला घेऊन तशीच कुंपणाशी गेले आणि जावेला म्हटलं, “ताकात मीठ जास्त झालंय बघ.” तिने माझ्या हातातून पेला घेतला, घोट घेतला आणि हसायला लागली. “झालंय खरं!” मग मीही हसले. माफी मागायची ठरवली होती ती तशीच राहिली. तिने मागू दिली नाही.

पातेली आम्ही दोघींनी मिळून उतरवली. फोन मी स्वतः लावले. ऊन वर यायच्या आत स्वयंपाक उरकते. मेडिकलवाल्याला काउंटरवर उभी राहून विचारते, ही त्या जातीची आहे का बघून सांग. तो वैतागतो. वैतागू दे. डबे गावातला एक टेंपोवाला पोचवतो. ह्यांना आता कुणाच्या गेटवर उभं राहावं लागत नाही.

ह्यांना मी जेवायला वाढते, औषधपाणी बघते, बोलते. लोकांना काही कळायचं नाही. हेही बदललेत, जावेची ह्यांनी क्षमा मागितली, माझीही मागितली. मी ‘असू दे’ म्हटलं. म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. माझं आतलं काही अजून हललेलं नाही, हललं तर सांगेन.

गेल्या शनिवारी रस्सा उकळत होता. वास पडवीभर झाला तसे हे उठून आले, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि काही न बोलता तळहात पुढे केला. जुनी सवय. मी पळी उचलली, फुंकर घातली आणि स्वतःच्या हातावर थेंब घेतला. चाटला. मीठ बरोबर होतं.

“राहू द्या,” मी म्हटलं. “मी चाखलंय.”

आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.